पदवीच्या आधी डेंटल स्कूल

मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात पहिल्या वर्षाला बसलेली मुलगी अठराच्या आसपासची असते. बारावी झाली, नीट झाली, प्रवेशाच्या फेरीत नंबर लागला, की थोड्याच दिवसांत तिच्या हातात मेणाचा ठोकळा आणि कोरणी येते आणि ती दाढेचे उंचवटे-खळगे कोरायला लागते. अमेरिकेत तिच्याच वयाची, दंतवैद्यच व्हायचं ठरवलेली मुलगी त्या वेळी सामान्य रसायनशास्त्र, इंग्रजी निबंधलेखन आणि बहुधा मानसशास्त्राचा एखादा पेपर करत असते. तिच्या हातात मेण येतं ते बाविसाव्या वर्षी, चार वर्षांची बॅचलर पदवी घेऊन डेंटल स्कूलमध्ये शिरल्यावर. पुढे आणखी चार वर्षं. शाळा सुटल्यापासून एकूण आठ. मुंबईच्या मुलीला इंटर्नशिप धरून पाच.

हा फरक अमेरिकेतल्या भारतीय घरांत फार बोचतो, कारण तिथे घरातलं कुणीतरी, मावशी नाहीतर चुलतभाऊ, तेविसाव्या वर्षी खुर्चीजवळ उभं राहून दाढा भरत होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मग प्रश्न येतो: ती बॅचलर पदवी पुरी न करताच डेंटल स्कूलला अर्ज करता येत नाही का? येतो. तो कुठे, कसा आणि कुणी करावा, याबद्दल मात्र अर्धवट माहितीच जास्त फिरते.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण कायदा अनपेक्षितपणे सैल आहे. न्यूयॉर्क राज्यात दंतवैद्यकीचा परवाना हवा असेल, तर डेंटल स्कूलच्या आधी कॉलेजचे किमान ६० क्रेडिट पुरतात. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे राज्याच्या लेखी दोन वर्षांचं कॉलेज पुरेसं आहे. बॅचलर पदवी असलीच पाहिजे, असं परवाना देणारं राज्य म्हणत नाही. ते म्हणतात डेंटल स्कूल्स, आणि तीही सगळी नाहीत. सत्तरच्या वर डेंटल स्कूल्स आहेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. काहींना पदवी सक्तीची, बऱ्याच ठिकाणी किमान अट ९० क्रेडिटची पण ‘पदवीधरांना प्राधान्य’, तर मोजक्या ठिकाणी त्याहूनही कमी चालतं. टेक्सासच्या सरकारी डेंटल स्कूल्सची किमान अट ९० क्रेडिटची आहे. ‘किमान अट’ आणि ‘खरोखर कुणाला घेतात’ यांत केवढं अंतर असतं, हे मेरिट लिस्टचा कटऑफ पाहिलेल्या मराठी पालकांना वेगळं सांगायला नको.

हे अंतर आलं कुठून? १८४० साली बाल्टिमोरला जगातलं पहिलं डेंटल कॉलेज निघालं, तेव्हा पहिल्या वर्गात पाच विद्यार्थी होते आणि दुसऱ्याच वर्षी त्यांतले दोघे पदवी घेऊन बाहेर पडले. आधी कॉलेज शिकून या, असं कुणी म्हणत नव्हतं. १८६७ मध्ये हार्वर्डने विद्यापीठाच्या छत्राखाली डेंटल स्कूल काढलं, तरी देशभर नफ्यासाठी चालवलेल्या खासगी डेंटल शाळा पुढे कित्येक वर्षं होत्या. त्यांचा बाजार उठवण्यात मोठा वाटा विल्यम गीस या जीवरसायनशास्त्रज्ञाचा. कार्नेगी फाउंडेशनसाठी त्यांनी अमेरिका-कॅनडातल्या एकेका डेंटल स्कूलची झडती घेतली आणि १९२६ साली अहवाल दिला. दंतवैद्यक हा वैद्यकाच्या तोलाचा विद्यापीठीय विषय आहे आणि त्याआधी दोन वर्षांचं कॉलेज हवं, हे त्यांचं म्हणणं. दोनच. पुढे दोन वर्षं कॉलेज आणि चार वर्षं डेंटल असा आराखडा रुळला. न्यूयॉर्कच्या कायद्यातले ६० क्रेडिट त्याच हिशेबाशी जुळतात.

म्हणजे आज ज्याला ‘लवकर जाणं’ म्हणतात, ती एके काळची सरळ वाट होती. दोनाचे तीन आणि तिनाचे चार झाले ते दारापुढची रांग वाढत गेली म्हणून. याचा उलटा पुरावाही आहे. १९७०च्या दशकात अर्जांचा पूर होता. मग तो ओसरला, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस अर्जदार इतके घटले की एमरी, जॉर्जटाउन, सेंट लुइसचं वॉशिंग्टन विद्यापीठ अशा मातब्बर खासगी विद्यापीठांनी आपली डेंटल स्कूल्स बंद केली. नॉर्थवेस्टर्नचं २००१ मध्ये बंद झालं. अशा काळात पदवीवर अडून बसणं कुणालाच परवडत नाही. आज वर्षाला अकरा-बारा हजारांच्या आसपास अर्जदार आणि सात हजारांच्या आतबाहेर जागा आहेत, म्हणून कॉलेजं निवडक होऊ शकतात. पदवीच्या अटीमागे शैक्षणिक तत्त्व कमी आणि गर्दीचं व्यवस्थापन जास्त, असं माझं मत आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षी शाळेतून थेट पाच वर्षांच्या बीडीएसला जातात आणि तिथल्या पेशंटांचं त्यामुळे काही बिघडल्याचं दिसत नाही. भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज १९२० साली कलकत्त्यात काढणारे डॉ. रफीउद्दीन अहमद स्वतः अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात शिकले होते. तरी आपल्याकडे शेवटी रुळली ती शाळेतून थेट जाण्याचीच पद्धत.

आता आजच्या वाटा. ठळक वाटा दोन, आणि त्यांची गल्लत होते तिथेच पुढचे घोळ सुरू होतात.

पहिली वाट जोडअभ्यासक्रमाची. बारावीतच, म्हणजे तिथल्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी, कॉलेज आणि डेंटल स्कूल यांच्या करारातल्या जागेसाठी अर्ज करायचा. नेहमीचा साचा तीन अधिक चार. तीन वर्षं कॉलेज, चौथ्या वर्षी डेंटल स्कूलमध्ये प्रवेश, आणि डेंटलच्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट मागे वळवून बॅचलर पदवी पूर्ण. फिलाडेल्फियात पेन विद्यापीठाचा असा सात वर्षांचा कार्यक्रम जुना आहे. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाच्या डेंटल स्कूलचा त्याच न्यूअर्क शहरातल्या एनजेआयटीशी (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीशी) करार आहे, आणि एडिसनच्या मराठी घरांत या नावाची चर्चा हमखास होते. सगळ्यात वेगळा प्रकार कॅलिफोर्नियात युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकचा. त्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डेंटल स्कूलचा अभ्यासक्रमच तीन वर्षांचा. उन्हाळ्याची सुट्टी काढून टाकून चार वर्षांचं शिक्षण ३६ महिन्यांत बसवलेलं. त्याच्या आधी कॉलेजची दोन, तीन किंवा चार वर्षं, असे तिन्ही पर्याय. दोन अधिक तीन म्हणजे पाच: मुंबईच्या बीडीएसइतकाच काळ.

हा तीन वर्षांचा प्रकार पॅसिफिकची खास शक्कल नाही. १९७०च्या दशकात डॉक्टर-दंतवैद्यांचा तुटवडा आहे म्हणून केंद्र सरकारने विद्यार्थीसंख्येवर अनुदान दिलं, तेव्हा बऱ्याच डेंटल स्कूल्सनी अभ्यासक्रम तीन वर्षांवर आणला होता. शिक्षक दमले, विद्यार्थी दमले, अनुदानाचा ओघ आटला आणि बाकीचे पुन्हा चारवर आले. पॅसिफिक टिकलं. तिथे वर्षाची फी जड आहे, कारण तीन वर्षांत चारचा माल आहे. बचत होते ती राहण्या-जेवण्याची आणि एका वर्षाच्या कमाईची.

जोडअभ्यासक्रमात जागा ‘राखलेली’ असते, ‘दिलेली’ नसते, हे पालकांनी नीट वाचावं. कॉलेजात ठरलेला जीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, टिकवावा लागतो, विज्ञानाच्या विषयांत वेगळा टिकवावा लागतो, डॅट नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी मुलाखतही होते. एखाद्या सेमिस्टरला सेंद्रिय रसायनशास्त्रात सी आला की जागा धोक्यात येते. तरी तशी जागा गेलेला विद्यार्थी रस्त्यावर येत नाही. कॉलेज चालूच असतं, चौथं वर्ष पुरं करून तो इतरांसारखा अर्ज करतो.

दुसरी वाट मोकळ्या अर्जाची: कुठलाही करार नाही, तीन वर्षांचे ९० क्रेडिट होताहेत, पदवी नाही, आणि तरी सर्वसाधारण रांगेत अर्ज टाकायचा. ही वाट कागदावर सोपी दिसते. कॅलेंडर मांडलं की कळतं.

समजा मुलीने ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू केलं आणि तिला तीन वर्षांनी डेंटल स्कूलमध्ये बसायचंय. देशभरची केंद्रीय अर्ज व्यवस्था उन्हाळ्याच्या तोंडाला उघडते, त्यामुळे दुसरं वर्ष संपतानाच तिचा अर्ज तयार हवा. म्हणजे तिच्या गुणपत्रिकेवर फक्त चार सेमिस्टर असणार. त्या चारांत जीवशास्त्राचं वर्ष, सामान्य रसायनाचं वर्ष आणि सेंद्रिय रसायनाचं वर्ष बसायलाच हवं, कारण डॅटमध्ये हे तिन्ही विचारतात. सेंद्रियचा शेवटचा पेपर मे महिन्यात, डॅट जून-जुलैत. भौतिकशास्त्र आणि जीवरसायन तिसऱ्या वर्षावर ढकलायचं. याच दोन वर्षांत दंतवैद्यांच्या दवाखान्यात शॅडोइंग, म्हणजे शेजारी उभं राहून काम पाहणं, शंभर तासांच्या घरात हवं. दोन विज्ञान प्राध्यापकांची शिफारसपत्रं हवीत, आणि दीडशे-दोनशेच्या वर्गात बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला ओळखणारा प्राध्यापक कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. अर्ज जितका लवकर पडेल तितका बरा, कारण जागा येतील तशा भरत जातात. मुलाखती हिवाळ्यापर्यंत, आणि पहिले होकार डिसेंबरच्या मध्यापासून.

शाळेत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षा दिलेली मुलं म्हणतात, आमच्याकडे वीस-तीस क्रेडिट आधीच आहेत. एकूण बेरजेत ते चालतात. पण बरीच डेंटल स्कूल्स आवश्यक विज्ञान विषयांसाठी एपीचे क्रेडिट मानत नाहीत, किंवा वरच्या पातळीचा एखादा विषय करून दाखवा म्हणतात. कम्युनिटी कॉलेजच्या क्रेडिटलाही अनेक ठिकाणी मर्यादा असते. ९० ही संख्या गाठली म्हणजे अट पुरी झाली, असं नाही.

डॅटबद्दल दोन शब्द, कारण लवकर अर्ज करणाऱ्याचं सगळं वजन तिच्यावर पडतं. विज्ञानाचे १०० प्रश्न, वाचनाचे ५०, गणिताचे ४०. हे नीट-जेईईच्या वातावरणात वाढलेल्यांना ओळखीचं वाटेल. अनोळखी आहे तो ९० प्रश्नांचा आकारज्ञानाचा विभाग. एक ओबडधोबड घन दाखवतात आणि पाच छिद्रं देतात; यातल्या कुठल्या छिद्रातून तो आरपार जाईल? कागदाची घडी घालून भोक पाडलेलं असतं. उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील? चार कोनांत अंशाअंशाचा फरक असतो, लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम कसा लागेल? प्रत्येक प्रश्नाला मिनिटाहून कमी वेळ. जुन्या काळी या जागी खडू कोरायला द्यायचे, आणि कॅनडात साबणाची वडी कोरून घेण्याची परीक्षा अगदी अलीकडेपर्यंत होती. गुणांची पद्धतही बदलली आहे. पूर्वी १ ते ३० असे गुण मिळत, मार्च २०२५ पासून २०० ते ६०० अशी मोजणी सुरू झाली. त्यामुळे ‘वीस-एकवीस आले की पुरे’ हा सिनियर मुलांचा सल्ला आता थेट लागू पडत नाही.

प्रवेश मिळवणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.६ च्या आसपास असतो. चार सेमिस्टरच्या जोरावर, पदवी नसताना उभं राहायचं, तर सरासरीच्या बरंच वर असावं लागतं. निवड समितीला पदवीधरापेक्षा तुम्हालाच घेण्याचं काही कारण दिसलं पाहिजे. वेळ वाचवायचा आहे, हे कारण तुमचं आहे, त्यांचं नाही.

आता पैसा. कारण शेवटी घराघरांत बोलणं तिथेच येतं.

डेंटल स्कूलमधून कर्ज घेऊन बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो. खासगी डेंटल स्कूलचा वर्षाचा एकूण खर्च एक लाख डॉलरच्या वर सहज जातो. पदवीचं चौथं वर्ष वाचवल्याने यातलं काहीच कमी होत नाही, हे आधी लक्षात घ्यावं. वाचतं ते कॉलेजचं एक वर्ष. आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात ती बचत पंचवीस-तीस हजार डॉलरची. महागड्या खासगी कॉलेजात त्याच्या तिप्पट. दुसरा लाभ एक वर्ष आधी कमावण्याचा. दंतवैद्याचं मध्यम वार्षिक उत्पन्न सरकारी आकडेवारीत पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास आहे. ही रक्कम लहान नाही, आणि लवकर जाण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.

यात नुकतीच एक भर पडली आहे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे केंद्र सरकारचं कर्ज १ जुलै २०२६ पासून बंद केलं. व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी कर्ज आता वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच. आधी कॉलेज सांगेल तेवढा खर्च सरकार कर्जाऊ देत होतं. चार लाखांची डिग्री घेणाऱ्याला उरलेले दोन लाख आता खासगी बँकेकडून काढावे लागतील, तेही बहुधा आईवडिलांच्या सहीवर. पदवीवर खर्च होणारे तीस हजार हातात ठेवावेत, असं एखाद्या कुटुंबाला वाटलं तर ते चूक नाही.

कर्जाचा हाच मुद्दा एच-वन व्हिसावरच्या मराठी कुटुंबांसाठी आणखी काट्याचा आहे. त्यांच्या एच-फोरवरच्या मुलांना केंद्र सरकारचं कर्ज मुळात मिळतच नाही. ग्रीन कार्डची रांग लांबलेली असते आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की मुलाचा अवलंबित दर्जा संपतो. विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. त्यानंतर काही सरकारी डेंटल स्कूल्स त्याचा अर्जच घेत नाहीत, काही परदेशी विद्यार्थ्याचा दर लावतात. अशा घरातल्या मुलाने एकविसाच्या आत डेंटल स्कूलचं दार ओलांडलं तर निदान अर्जाच्या वेळी तो स्थानिक म्हणून मोजला जाण्याची शक्यता असते. पुढचं कर्ज आणि फी मात्र आधी वकिलाला आणि कॉलेजच्या कचेरीला विचारून घ्यावी. ‘अमुकच्या मुलाचं झालं’ यावर जाऊ नये.

‘त्यापेक्षा पुण्याला पाठवू, पाच वर्षांत बीडीएस होईल’ हाही विचार बोलून दाखवला जातो. अनिवासी कोट्यालाही नीट द्यावी लागते, इथून सुरुवात. बीडीएस होऊन परत गेल्यावर परवान्याची परीक्षा द्यायची, आणि मग परदेशी दंतवैद्यांसाठीच्या दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात जागा मिळवायची. तिथे भारतातून, इजिप्तमधून, कोलंबियातून आलेले, पाच-सात वर्षं प्रॅक्टिस केलेले दंतवैद्य रांगेत असतात. मुलाखतीच्या दिवशी प्लॅस्टिकच्या जबड्यावर दात घासून क्राउनची तयारी करून दाखवायची असते, आणि नुकती इंटर्नशिप संपवलेल्याचा हात तिथे कच्चा दिसतो. पाच अधिक दोन किंवा तीन: सात-आठ वर्षं. वेळ काही वाचला नाही. अमेरिकेतच प्रॅक्टिस करायची असेल, तर वेळ वाचवण्यासाठी ही वाट धरू नये.

राहिला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पदवी न घेता डेंटल स्कूलमध्ये गेलेली मुलगी दुसऱ्या वर्षी बाहेर पडली तर तिच्या हातात काय राहतं? आजारपण येतं, घरात काही होतं, किंवा तोंडाच्या आत तासन्‌तास वाकून काम करणं आपल्याला झेपत नाही हे तिला हँडपीस हातात घेतल्यावर कळतं. तेव्हा तिच्याकडे लाख-दीड लाख डॉलरचं कर्ज असतं आणि शिक्षण म्हणून दाखवायला हायस्कूलचं सर्टिफिकेट. बॅचलर पदवी असती तर नोकरी, एमबीए, शिक्षकी, सरकारी परीक्षा, काहीतरी उघडं असतं. जोडअभ्यासक्रमात डेंटलचं पहिलं वर्ष संपताच बहुधा पदवी पदरात पडते, म्हणून धोका एका वर्षापुरता असतो. मोकळ्या वाटेवर तो चारही वर्षं असतो.

वयाचा मुद्दा मला फारसा पटत नाही. वीस वर्षांची मुलगी पेशंटशी नीट बोलू शकत नाही, असं म्हणणाऱ्याने मुंबईच्या नायर दंत रुग्णालयाच्या ओपीडीत एक सकाळ उभं राहावं. सतराव्या वर्षी कायमचा निर्णय कसा घ्यायचा, हाही आक्षेप भारतीय वाचकाला हसू आणणारा आहे. आपल्याकडे तो सगळेच घेतात. पण आपल्याकडे चुकलेला निर्णय स्वस्तात निस्तरता येतो. सरकारी बीडीएस सोडून बी.एस्सी.ला गेलेल्या मुलाची दोन वर्षं जातात, आयुष्यभराचं कर्ज होत नाही.

तेव्हा माझा कौल असा. जोडअभ्यासक्रमात जागा मिळत असेल, मुलीने दवाखान्यात तास घालवून काम जवळून पाहिलं असेल, आणि पदवी मध्येच मिळण्याची हमी करारात असेल, तर जरूर जावं. मोकळ्या वाटेने पदवीशिवाय अर्ज करणं फार थोड्यांसाठी योग्य आहे: टेक्साससारख्या राज्यात रहिवासी म्हणून कमी फीची जागा समोर असलेली, गुण सरासरीच्या खूप वर असलेली, आणि नाही लागलं तर चौथं वर्ष शांतपणे करायची तयारी असलेली मुलं. बाकीच्यांनी एका वर्षासाठी जिवाचा आटापिटा करू नये. पहिल्याच डेंटल स्कूलला अर्जाचे अडीचशे डॉलरच्या वर जातात, पुढच्या प्रत्येकाला शंभरावर, आणि नकारानंतर त्याच कॉलेजला पुन्हा अर्ज केला की आधीचा अर्ज त्यांना दिसतो.

आणि अर्ज भरण्याआधी एक काम करा. आपल्या कॉलेजच्या रजिस्ट्रारला ईमेल लिहा. डेंटल स्कूलच्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट धरून तुम्ही मला बॅचलर पदवी द्याल का, त्यासाठी शेवटचे किती क्रेडिट तुमच्याच कॉलेजात करावे लागतील, आणि माझ्या मेजरच्या कुठल्या अटी तोवर पुऱ्या हव्यात, हे तीन प्रश्न विचारा. काही विद्यापीठांत शेवटचं वर्ष दुसरीकडे करून पदवी घ्यायची अशी सोय आहे, काहींत शेवटचे ३० क्रेडिट तिथेच करायची सक्ती आहे. समुपदेशकाच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका. उत्तर लेखी घ्या. उत्तर होकारार्थी आलं तर उन्हाळ्यात अर्ज टाका. नाही आलं तर चौथं वर्ष पुरं करा.